लोटे डाव्या बाजूला उभी राहायची

आमच्या घरात कुणाला ‘नाही’ म्हणत नसत. चहा करत.

चेष्टा नाही, ती घरची पद्धतच होती. कुणी बाबांकडे काही मागितलं आणि ते द्यायचं नसलं, की बाबा समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत, मान डोलावत, ‘छान कल्पना आहे’ म्हणत आणि उठत. ‘थांबा, चहा टाकतो.’ मग स्वयंपाकघरातलं प्रेस उघडल्याचा आवाज. कपाटाला इथे आयर्लंडमध्ये प्रेस म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणायला लागलो होतो. मग पुण्याहून आणलेल्या छोट्या पितळी खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज. खट, खट, खट. चहा येईपर्यंत विषय विमानांच्या तिकिटांवर किंवा डब्लिनच्या घरभाड्यांवर गेलेला असे. गणपतीच्या मंडळाचं खजिनदारपद असो, नाहीतर कुणाच्या भावाला महिनाभर ठेवून घेण्याची गोष्ट असो, डब्लिनजवळच्या आमच्या स्वोर्ड्समधल्या साऱ्या मराठी घरांना खलबत्ता ऐकला की कळत असे. काका लोक दुसऱ्या घोटाला विषय सोडत, तिसऱ्याला चहाची तारीफ करत आणि निरोप घेऊन उठत. कुणाचं मन मोडलं नाही, सगळं ग्रँड. बाबांना या कलेचा अभिमान होता. मला या कलेचा राग आहे, आणि हे प्रकरण मी त्या रागापोटी लिहायला घेतलं.

आई म्हणते, आत्मकथन लिहायचं तुझं वय नाही, म्हाताऱ्यांनी लिहावं. मी म्हणते, माझ्या आयुष्यातलं एक आयुष्य सोळाव्या वर्षीच संपलं, तेवढ्याचं तरी लिहू दे. आणि माझं मराठी कसं, याचीही आधीच कबुली देते. मी आठ वर्षांची असताना आम्ही इथे आलो. त्यानंतरचं माझं मराठी अकोल्याच्या नानांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, फोनवरून घोकून घेतलं आणि पुढे मी लिहिलेल्या पत्रकांनी वाढवलं. भाडेकरूंचे हक्क, कंत्राटावर राबणाऱ्या नर्सेसचे पगार, सार्वजनिक मैदानं. पत्रकात आडपडदा ठेवला तर लोक ते पावसात चुरगाळून टाकतात. तेव्हा कुणी आडवळणाच्या वाक्यांची अपेक्षा केली असेल, तर पुस्तक इथेच मिटावं.

आमचं घर विमानतळाच्या इतकं जवळ की बोलता बोलता थांबायची सवय सगळ्यांना लागली होती. विमान डोक्यावरून गेलं की वाक्य जिथे राहिलं तिथून पुढे सुरू. बाबा विमानतळापलीकडच्या एका कार्यालयात सॉफ्टवेअरचं काम करत, आई शहरातल्या इस्पितळात रक्त तपासायची. दुपारची मी एकटी असे. वसाहतीच्या टोकाला तीन सार्वजनिक टेनिस कोर्ट होते, नकली गवताचे, वाळू पेरलेले, कोपऱ्यात कायम डबकं. क्लबात जायला शिफारस लागत असे. इथे जायला फक्त रबरी झाडूनं पाणी ढकलायची तयारी लागे. (क्लबाच्या शिफारशीच्या नियमावर मी पुढे दोन पत्रकं काढली. नियम अजून तसाच आहे.) मी भिंतीवर चेंडू मारत असे. एक दिवस एक उंच, कोपरं खरचटलेली मुलगी कुंपणाला टेकून बघत राहिली आणि मग म्हणाली, “तुझी सर्व्हिस वाईट आहे.”

मी म्हटलं, “थँक्स.”

“पण तू पळतेस छान. माझ्याबरोबर खेळशील? हो की नाही?”

ती लोटे. तिची आई आनेके विमानं भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत होती. वडील नव्हते आणि ते का नव्हते हे लोटेनं पहिल्याच आठवड्यात, मी न विचारता, दोन वाक्यांत सांगून टाकलं. हॉलंडमधून त्या दोघी नुकत्याच आल्या होत्या. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा दारातच उभी राहून तिनं मोठा श्वास घेतला. “तुमच्या घराला वास येतो. खूप. मला आवडला.” आई फोडणी करत होती. तिनं मराठीत मला विचारलं, “ही आपला अपमान करतेय की कौतुक?” मी म्हटलं, मलाही माहीत नाही. लोटेनं त्या दिवशी तीन पोळ्या, वांग्याची भाजी आणि नंतर नुसता भात दह्याशी खाल्ला, आणि आईला सांगितलं की भाजी उत्तम होती पण भात जास्त शिजला होता. आईनं तिला पुन्हा वाढलं. पुढची सहा-सात वर्षं ती आमच्या स्वयंपाकघरात अशी वावरली की कुठल्या डब्यात काय, हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक झालं.

त्यांच्या घरची तऱ्हा उलटी. एकदा आम्ही त्यांच्या बैठकीत फरशीवर बसून रॅकेटला नवी पट्टी गुंडाळत होतो. घड्याळात सहा वाजले तशी आनेके आली आणि हसून म्हणाली, “रेवा, आता आम्ही जेवणार आहोत. तू घरी जा.” बस. मी रॅकेट काखेत धरून बाहेर पावसात. घरी सांगितलं तर आईचा संताप अनावर. “जेवायच्या वेळेला पोरीला बाहेर काढलं? शत्रूलासुद्धा कुणी काढत नाही!” बाबा म्हणाले, “असू दे गं, त्यांच्यात असतं तसं.” पण दुसऱ्या दिवशी लोटे नेहमीसारखी आमच्याकडे जेवायला थांबली, आणि मी तिला विचारलं तर ती खरोखर चकित झाली. “आईनं तीनच बटाटे शिजवले होते. तुला ठेवून घेऊन उपाशी बसवायचं का?” मला तेव्हा ते दुष्टपणाचं वाटलं. पुढे कितीतरी वर्षं मी जगाला सांगत फिरले की तेच खरं प्रेम. आज मला त्यातलं नक्की काय वाटतं, ते या प्रकरणाच्या शेवटापर्यंत ठरलं तर बघा.

आम्ही दुहेरी खेळायचो. एकेरीत मी बुटकी आणि माझी दुसरी सर्व्हिस म्हणजे समोरच्याला दिलेला प्रसाद. लोटे एकेरीत कंटाळायची. “एकटीनं खेळायचं तर मग बोलायचं कुणाशी?” दुहेरीत एक उजव्या बाजूला उभी राहते, एक डाव्या. डावी बाजू अवघड, कारण गेमचा निकाल लावणारे बहुतेक गुण त्या बाजूला खेळले जातात. लोटे पहिल्या दिवसापासून डावीकडे. तिनं विचारलंसुद्धा नाही आणि मीही मागितली नाही. दुहेरी म्हणजे एकेरीत न जमणाऱ्यांची सोय, असं बाबांसकट सगळे समजतात. मोठ्या स्पर्धांत दुहेरीचा सामना मागच्या कोर्टवर लावतात, कॅमेरा अर्ध्यावर एकेरीकडे वळतो, दोघींचं नाव एकाच ओळीत कोंबतात. यावर मला अजून बोलायचंय, पण ते पत्रकासाठी राखून ठेवते.

उन्हाळ्यात नाना यायचे. जूनमध्येही माकडटोपी घालून, गुडघ्यावर शाल आणि शेजारी थर्मास घेऊन ते कोर्टाच्या बाकावर बसत. पहिल्या सामन्याला त्यांनी मोठ्यानं विचारलं, “बाप्पा! एक पोट्टी मारून राह्यली, तं दुसरी कायले उभी हाय?” आणि दुसऱ्याच सामन्याला ते प्रशिक्षक झाले होते. आम्ही दोघी एकाच चेंडूवर धडकलो, माझ्या कपाळाला टेंगूळ आलं, तेव्हा नानांनीच सांगितलं, “वरडा ना वं! तोंड कायले देल्लं देवानं?” म्हणून आम्ही ओरडायला लागलो, आणि ओरडायचं तर समोरच्यांना कळू नये म्हणून मराठीत. माझा. तुझा. सोड. बदल. लोटेचा ‘सोड’ सगळ्यात भारी. तिच्या डच घशातून तो ‘ड’ असा पडायचा की समोरच्या मुलीही चेंडू सोडायच्या. एका सामन्यात पंच म्हणून आलेल्या बाप्यानं आम्हाला थांबवलं. “इंग्रजीत बोला, मुलींनो.” लोटे जाळ्यापाशी जाऊन म्हणाली, “कुठला नियम?” त्याला नियम सापडला नाही. नानांना तिनं नंतर विचारलं की माझा ‘सोड’ बरोबर होता का. नाना म्हणाले, “तू अकोल्याचीच हायस, चुकून तिकडं जन्मलीस.” हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती आनंदानं लाल झाली. ती कुठल्याच कौतुकानं तशी लाल झालेली मी पाहिली नव्हती.

आम्ही जिंकत होतो. आधी आसपासच्या स्पर्धा, मग पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोला एका वाऱ्याच्या दिवशी, जिथे माझे उंच चेंडू वाऱ्यानं उलटे फिरून समोरच्यांच्या टाचांमागे पडत होते आणि लोटे प्रत्येक वेळी वळून ओरडत होती, “हे तू मुद्दाम केलंस का?” मी म्हणे, हो. ती म्हणे, खोटं. परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, “आपण किती चांगल्या आहोत?” तिनं विचार करून सांगितलं, “इथल्या मानानं खूप. हॉलंडच्या मानानं माहीत नाही. तुझी दुसरी सर्व्हिस अजून वाईटच आहे.” मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. तिच्याकडून वाईट ऐकलं की मला बरं वाटायचं, कारण मग तिनं जे चांगलं म्हटलेलं असे तेही खरं ठरायचं. आमच्या घरात तसं काही मिळत नव्हतं.

मग आनेकेची बदली परत हॉलंडला झाली.

इथल्या शाळेत मधली मोठी परीक्षा झाली की एक वर्ष मोकळं असतं. मुलं काम करतात, परदेशी राहून येतात, गिटार शिकायचं ठरवतात आणि शिकत नाहीत. ते वर्ष माझ्यासमोर होतं. मे महिन्याच्या एका संध्याकाळी आनेके एकटीच आमच्याकडे आली, जेवायची वेळ टाळून. मी जिन्यात बसले होते. नाना तेव्हा आलेलेच होते. ते सोफ्यावर, इंग्रजी कळत नसूनही, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आनेके म्हणाली, “तिकडे एक प्रशिक्षिका आहे. ती दुहेरीच्या जोड्या तयार करते. तिनं मुलींना बघितलंय आणि जोडी म्हणून घ्यायला ती तयार आहे. रेवा वर्षभर आमच्याकडे राहू शकते. माझ्याकडे खोली आहे. शाळेचं मी विचारून ठेवलंय. ती येणार का?”

बाबा म्हणाले, “अरे वा. फारच छान. फार मोठं मन आहे तुमचं.”

“मन नाही, खोली मोठी आहे. येणार का?”

“अशी संधी कुणाला मिळते! आम्ही नक्की बघू. नक्की.”

“नक्की म्हणजे हो?”

“म्हणजे... आम्ही सगळे प्रयत्न करू,” बाबा म्हणाले आणि उठले. “तुम्ही चहा घेणार ना? आल्याचा करतो. लोटेला फार आवडतो.”

खट, खट, खट.

आई हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत होती. डोक्यावरून विमान गेलं. मी जिन्यात दोन्ही हात तोंडावर दाबून बसले होते, हसू बाहेर पडू नये म्हणून. ‘नक्की’ मी कानांनी ऐकलं होतं. दुसऱ्या कुणासाठी तो खलबत्ता वाजला असता तर मला कळलं असतं. पण सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या सुखावर बंद होणारं दार ऐकू येत नाही. आनेकेनं चहा संपवला, उत्तम आहे म्हणाली, दाराशी बाबांचा हात हातात घेऊन म्हणाली, “मग ठरलं.” बाबा हसले. ते हसणं मी इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलंय की आता ते खरं कसं होतं हे मला आठवत नाही. आनेकेच्या लेखी तिनं विचारलं होतं आणि तिला होकार मिळाला होता. बाबांच्या लेखी त्यांनी नकार दिला होता, आणि एवढा सुंदर की तिला लागलासुद्धा नाही.

तो उन्हाळा मी पिशवी भरत काढला. मी गरम कपडे ठेवले की आई ते काढून इस्त्री करायची आणि प्रेसमध्ये परत ठेवायची. तिकिटाचं विचारलं की बाबा म्हणत, बघू, अजून महाग आहेत. लोटे आणि आनेके ऑगस्टच्या सुरुवातीला गेल्या. लोटेनं तिकडून माझ्या खोलीचे फोटो पाठवले. पांढऱ्या भिंती, खिडकीतून कालवा, पलंगावर नारिंगी चादर. खाली लिहिलं होतं, ‘चादर कुरूप आहे. आईनं निवडली. तू उशी आण, इथल्या पातळ आहेत.’ मी उशी पिशवीत कोंबली. मग कळलं की शनिवारी आमची पहिली स्पर्धा आहे, नावं दिली आहेत, प्रशिक्षिका स्वतः बघायला येणार. आनेकेनं बाबांना संदेश पाठवला, ‘रेवा गुरुवारी पोचेल ना? मी विमानतळावर येते.’ बाबांनी उत्तर दिलं, ‘खूप आभार. कळवतो.’ तिनं ते वाचलं आणि गुरुवारी विमानतळावर गेली.

लोटेही गेली होती. तिनं तिथून मला फोन केला. तिकिटावर बाबांचं ‘बघू’ अजून चालूच होतं, आणि मी, आई म्हणाली म्हणून, शाळेच्या गणवेशाची मापं द्यायला तिच्याबरोबर दुकानात उभी होते. “कुठल्या दारानं बाहेर पडतेयस? आम्ही फुलांच्या दुकानापाशी आहोत.” मागे तिथली घोषणा ऐकू येत होती. मी आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली. मी फोनमध्ये काय बोलले ते मला आठवत नाही. लोटे काय म्हणाली ते आठवतं. “मला ‘नाही’ चालतं, रेवा. मे महिन्यातच ‘नाही’ म्हटलं असतंस तर मी दुसरी शोधली असती. मला वाट बघणं चालत नाही.”

घरी आल्यावर मी बाबांवर ओरडले, विमानाच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडले. “तुम्ही हो म्हणालात!”

“मी कुठे हो म्हणालो? मी म्हणालो बघू. चहा केला. अगं, कुणालाही कळलं असतं.”

“तिला नाही कळलं!”

“मग काय तोंडावर नाही म्हणायचं होतं? इतक्या प्रेमानं आली होती ती बाई. किती वाईट वाटलं असतं तिला.” बाबांचा चेहरा रडवेला झाला होता. “आणि सोळा वर्षांच्या पोरीला परक्या घरी... मला नाही जमलं असतं, रेवा.”

नाना सोफ्यावरून उठले. जावयाला त्यांनी कधी एकेरीत हाक मारली नव्हती, तेव्हाही मारली नाही. “जावईबापू, एक नाई म्हनाले काय लागते हो? नाई म्हनलं असतं तं त्या दोन पोट्ट्या एक दिवस रडल्या असत्या. आता जल्मभर रडतीन.” बाबा स्वयंपाकघरात गेले. आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला आणि कुणीही तो चहा प्यायलं नाही.

शनिवारी प्रशिक्षिकेनं लोटेला वाऱ्यावर सोडलं नाही. कुंपणाबाहेर इल्से नावाची एक मुलगी तिच्या भावाचा सामना बघायला आली होती. तिला बूट उसने देऊन उजव्या बाजूला उभी केली. त्या जिंकल्या. पुढची सगळी वर्षं त्या बरोबर खेळल्या.

लोटेची कारकीर्द मी स्वोर्ड्समधून पाहिली. पाहिली म्हणजे काय, फोनवर आकडे बदलताना पाहिले. दुहेरीवाल्यांना कॅमेरा मिळत नाही, सांगितलंच. कुठल्या कुठल्या गावांतल्या बंदिस्त हॉलमध्ये, दोघींत एक खोली घेऊन, बसनं, अपुऱ्या बक्षिसावर त्या खेळत राहिल्या. हळूहळू वर चढल्या. तिनं अधूनमधून संदेश पाठवले आणि मीही. त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. लोटेचा राग एका आठवड्यात संपतो. माझा मी जपला. टेनिस सोडलं. महापालिकेनं ते तीन कोर्ट पार्किंगसाठी मोडायचं काढलं तेव्हा मी पहिलं पत्रक लिहिलं, आणि त्यात ‘नाही’ हा शब्द एवढा मोठा छापला की छपाईवाला म्हणाला, शाई फार जाईल. दोन कोर्ट गेले, एक वाचला. लोक विचारतात, तू इतकी तुटक का बोलतेस. मी सांगते, आमच्या घरातल्या एका गोड माणसानं माझं आयुष्य गोड बोलून संपवलं. हे मी बाबांसमोरही सांगितलंय, पाहुण्यांदेखत. बाबा उठून आत जायचे.

एकदा मात्र कॅमेरा मिळाला. एका फार मोठ्या स्पर्धेत त्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकल्या होत्या. मी सुपरमार्केटच्या दारात पत्रकं वाटत होते. पत्रकं काखेत मारून मी फोनवर तो सामना लावला. लोटे डाव्या बाजूला. केस कापलेले, खांद्याला पट्टी. जाळ्यापाशी उभी राहून पाठीमागे बोटांनी खूण करत होती. करंगळी बाहेर म्हणजे मी पलीकडे पळणार. ती खूण आम्ही नानांच्या बाकावर बसून ठरवली होती. एक उंच चेंडू इल्सेच्या डोक्यावरून चालला होता आणि लोटे ओरडली, “सोड!” इल्सेनं सोडला. चेंडू बाहेर पडला. समालोचक म्हणाला, डच भाषा फार कठोर वाटते नाही का. कुणीतरी मला विचारलं, “आर यू ओके, लव्ह?” माझ्या हातातली पत्रकं भिजून गेली होती. त्या सामन्यात त्या हरल्या. लोटेचा खांदा त्यानंतर पहिल्यासारखा झालाच नाही.

या वर्षी वसंतात ती आली. खेळ संपला होता, शस्त्रक्रियाही झाली होती. आनेकेच्या जुन्या घराचं काहीतरी मिटवायचं होतं, ते मिटवून ती आमच्याकडे आली. नाना आता नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी तिनं सोफ्याच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं आणि तिथे बसली नाही. आई कामावर होती, बाबा औषधं आणायला गेले होते. ते आता निवृत्त आहेत, हळू चालतात. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी. आईनं सकाळी केलेली वांग्याची भाजी तिनं भांड्यातूनच खाल्ली. मी विचारलं, खांदा दुखतो का. म्हणाली, रोज. मी विचारलं, इल्से कशी आहे. म्हणाली, गरोदर आहे, चिडखोर झाली आहे. मी विचारलं, माझे केस कसे दिसतात. म्हणाली, वाईट. आम्ही खूप हसलो. किती वर्षांनी मला कुणी खरं सांगत होतं.

म्हणून मी विचारलं. इतकी वर्षं जे उत्तर मला माहीतच होतं, ज्याच्या पायावर मी उभी होते, ते एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं. बाबा परत आले की त्यांना सांगायचं होतं.

“लोटे, मी त्या गुरुवारी आले असते, तर आपण दोघी तिथपर्यंत गेलो असतो ना? तू आणि मी?”

तिनं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. वरून एक विमान गेलं. ते गेल्यावरही ती बोलली नाही. मी लोटेला ओळखायला लागल्यापासून ती एकाही प्रश्नाला थांबली नव्हती.

मग ती उठली. न विचारता डावीकडचं वरचं प्रेस उघडलं, चहाचा डबा काढला, त्यामागचा पितळी खलबत्ता काढला. टोपलीतलं आलं घेतलं. दुखऱ्या हातानं ठेचणं जमेना, तसा बत्ता दुसऱ्या हातात धरला.

“तू चहा घेणार ना?” ती मराठीत म्हणाली. माझ्याकडे पाठ होती.

खट, खट, खट.

मी ‘हो’ म्हटलं. आणखी काय म्हणणार होते? दारात किल्ली वाजली. बाबा औषधांची पिशवी घेऊन आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. त्यांनी खलबत्त्याकडे बघितलं, लोटेच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हा आवाज या घरात त्यांच्याशिवाय कुणी केलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. पिशवी ठेवली, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले, आणि टेबलावर माझ्या हाताजवळ त्यांनी त्यांचा हात ठेवला.

लोटेनं तीन कप भरले. चहा चांगला झाला होता. मी तो शेवटपर्यंत प्यायले.